काटेमामांना न लागलेला करंट

काटेमामा बाभळीच्या काट्यांवरून अनवाणी चालायचे. आईचे हे थोरले भाऊ, आटपाडीकडचे, जन्मभर मेंढरांमागे. तळपायात घुसलेला काटा गप्पा मारता मारता उपटायचे आणि म्हणायचे, "मला काटा लागतच न्हाई गड्या." वस्तीवर याचं केवढं कौतुक.

गोचिडाचं औषध मामा आणि मामी मेंढरांना उघड्या हातांनी चोळायचे. मी आमच्या संस्थेची, औषध जपून वापरा सांगणारी पत्रकं आणि रबरी हातमोजे घेऊन गेलो, तर मामांनी मोजे बकऱ्याच्या शिंगांना अडकवले. "बघ, ह्यो तुझ्यापरास शहाणा दिसतोय." मग म्हणाले, "मेंढराला माणसाचा हात कळला पायजे रं. रबर कळून त्याला काय करायचंय?" बाटलीवरचा इशारा बारीक इंग्रजीत. दुकानदाराने कधी मोज्यांचं नावही काढलं नव्हतं. विष विकायचं आणि तोंड मिटून बसायचं, याला मी धंदा म्हणत नाही.

पुढे मामांना सदऱ्याची बटणं लागेनात. मामी लावून द्यायची. शेवटी मी त्यांना सांगलीला नेलं. नसांची तपासणी म्हणजे हातापायांना तारा चिकटवतात, नसेवर विजेचा झटका देतात आणि तो पुढे किती पोचतो ते पडद्यावर बघतात. आधीच्या पेशंटचं कण्हणं बाहेर ऐकू येत होतं. मामा निवांत. डॉक्टरीणबाईंनी झटका वाढवला, पुन्हा वाढवला. पाय हलला नाही. पडद्यावरची रेघ सपाटच.

"मला करंट बी लागंना," मामा खुशीत म्हणाले. "झालो का न्हाई पास?"

बाई हसल्या नाहीत. औषध कशाने चोळता, कधीपासून, हेच विचारत राहिल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या की पायाच्या नसा जवळजवळ गेल्यात. साखर वगैरे तपासू, पण संशय औषधावरच आहे. ते आजपासून बंद. आणि पाय रोज बघा, जखम झाली तरी यांना कळणार नाही.

मी हे सांगितलं, ते मामांनी ऐकलं आणि मेंढरं घेऊन निघून गेले. रहिमतपूरच्या रानात तळ पडला होता, तिथे तळपायात मोडलेला काटा आत सडत गेला. पाय काळा पडल्यावर मामीने मला फोन केला. साताऱ्याच्या दवाखान्यात मामा गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मामी चुलीपाशी बसली होती. उकळत्या चहाचं पातेलं तिने नुसत्या हातांनी उतरवलं. चिमटा शेजारीच पडलेला.

"मामी, भाजंल."

"न्हाई रं," ती म्हणाली. "मला बी आता काय लागत न्हाई."