ढवळूच्या कानशी

जव्हारच्या पठाराखालच्या पाड्यात ढवळूची पडवी लांबूनच कानाला कळायची. टक्, टक्, टक्. लोखंड घासणारी कानस झिजून गुळगुळीत झाली की दुसरे लोक ती कोनाड्यात फेकून देत. ढवळू तीच कानस तापवून मऊ करायचा, जुने दात दगडावर घासून काढायचा आणि छिन्नी-हातोडीने नवे दात पाडायचा. तरुणपणी इगतपुरीला रेल्वेच्या कामावर तो हे शिकला होता. "माझी कानस नवीपेक्षा बरी," असं तो तोंडावर सांगायचा, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं. गडी बढाईखोर होता, पण पोकळ नव्हता.

पन्नाशीला त्याच्या डोळ्यांत पडदा आला. समोरच्या माणसाचं धूड दिसे, तोंड दिसत नसे. गंमत अशी की दात पाडायला डोळे लागतच नव्हते. पहिल्या दाताचा उंचवटा छिन्नीच्या टोकाला लागला की दुसरा कुठे पाडायचा ते बोटांना कळे. डोळे लागत शेवटी, पाणी देताना. कानशीला मीठ आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचा लेप द्यायचा, म्हणजे दात जळत नाहीत. मग ती भट्टीत तापवून नेमक्या रंगावर पाण्यात बुडवायची. रंग कमी तर दात मऊ, जास्त तर कानस तडकते.

तो रंग आता त्याची बायको हिरी सांगायची. भाता ओढता ओढता हळूच म्हणायची, "करवंद... करवंद... आता पांगारा." पांगाऱ्याच्या फुलाचा लाल आला की ढवळू कानस पाण्यात घाली. रंग पळसाच्या केशरी फुलावर गेला की कानस गेली. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती, आणि ढवळूला ती मरेपर्यंत तशीच ठेवायची होती. आंधळा म्हटलं की पडवीत बसवून भाकर घालतात. त्याला मरणाची नव्हे, त्या बसण्याची भीती वाटत होती.

जव्हार संस्थानच्या दरबारच्या गाड्यांची दुरुस्ती करणारा सखा मिस्तरी ऐन पीक निघण्याच्या दिवसांत कानशींचं गाठोडं घेऊन आला. म्हणाला, "दिवाळीआधी पाहिजेत. आणि ढवळू, तुझ्या डोळ्यांबद्दल काहीबाही कानावर येतंय. या वेळी नीट झाल्या नाहीत तर पुढचं काम मी नाशकाला धाडणार."

"खुशाल धाडा, पण आधी ह्या बघा," ढवळू ऐटीत म्हणाला.

दात सगळे पाडून झाले आणि घरातली जुनी नागली संपली. नवी खळ्यावरून घरात आली होती, पण पाड्याची नव्या धान्याची पूजा व्हायची होती. धान्याची देवी कणसरी माय, तिला दाखवल्याशिवाय नवा दाणा तोंडात घालत नाहीत, मग आगीत कुठला घालायला!

"चार दिस थांब," हिरी म्हणाली.

"मिस्तरी थांबंल का?"

"माय थांबली ना वरसभर शेतात? मग मिस्तरीला काय धाड भरली?"

ढवळूने मान डोलावली. हिरी पाण्याला गेल्याबरोबर हा बहाद्दर स्वतः जात्यावर बसला आणि नवी नागली दळून लेप करून मोकळा झाला. जातं निदान पुसून ठेवावं, एवढंही त्याला सुचलं नाही.

हिरीने हंडा उतरवला, जात्यावरचं पीठ बघितलं आणि भट्टीकडे पाठ करून अंगणात बसली. "नव्या दाण्याला आग दाखवायला निघालास ना? आता तुझं तू बघ. माझे डोळे नाय मिळायचे."

ढवळूही हट्टाला पेटला. एवढी वर्षं हात काळे केले, गालाला लागणाऱ्या धगीवरून कळणार नाही? त्याने अंदाजाने कानस उचलली आणि पाण्यात घातली. टच्च! कानस मधोमध तडकली. हिरीने मागे वळून पाहिलं नाही. दुसरी कानस भट्टीत घालायची त्याची छाती झाली नाही. लाज वाटली, रागही आला, आणि तडकलेली कानस त्याने तशीच बाजूला टाकली.

बाजाराच्या दिवशी मिस्तरी आला. तडकलेली कानस त्याने उचलून पाहिली. "म्हणजे लोक म्हणतात ते खरंच."

ढवळूला विस्तव जास्त झाला म्हणता आलं असतं, पोलाद खोटं म्हणता आलं असतं. पण अंगणात हिरी उरलेली कणसं झोडत होती, आणि तिच्या देखत त्याला खोटं बोलवेना.

"खरं हाय," तो म्हणाला. "हात माझं, डोळं हिचं. हिला न इचारता एक केली, ती ही. पूजा झाली का बाकीच्या करतू."

"बाईच्या डोळ्यांवर दरबारचं काम?" मिस्तरीने एकच कानस काढून ठेवली, बाकीचं गाठोडं बांधून गाडीत टाकलं. "ही करून दाखव. मग बघू."

पूजा झाली. हिरीने कणसरीपुढे नव्या नागलीचं पीठ ठेवलं, त्यातलंच मूठभर उचलून मिठात कालवलं आणि कानशीला लेप दिला. तिन्हीसांजेला पडवीच्या अंधारात ती भाता ओढू लागली. "करवंद... करवंद... थांब, घाई नको... पांगारा!" पाणी चर्रकन बोललं. तड काही गेली नाही.

मिस्तरी पुन्हा आला. चाकाच्या जुन्या लोखंडी धावेवर त्याने ती कानस फिरवली. लोखंडाचा कीस भुरुभुरु त्याच्या पायांवर पडला. पुन्हा फिरवली, पुन्हा पडला. मग त्याने गाडीतून गाठोडं आणून पडवीत टाकलं.

"बरं ढवळू, ह्या कधी मिळतील?"

ढवळूच्या तोंडाशी नेहमीचा ऐटबाज जबाब आला होता. तो त्याने गिळला आणि भात्याजवळ बसलेल्या हिरीच्या दिशेने मान वळवली.

"तिला इचारा," तो म्हणाला.