वेंडेल निवडून येतो की काय!

वेंडेल स्टकी मढ्याला घाबरतो हे व्हिटकोम कौंटीत बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तसं कुणी कधी विचारलंच नव्हतं. माणूस धिप्पाड, हाताचे पंजे फावड्याएवढे. गवत कापायची यंत्रं आणि लाकूड कापायच्या करवती दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. फिरत्या पात्याशी बोट नेताना त्याची पापणी लवायची नाही. अंत्यविधीला मात्र हा गडी कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी उभा राहायचा, आणि शवपेटीजवळ जायची पाळी आली की नेमकं त्याला आठवायचं की गाडीचे दिवे चालूच राहिलेत. सख्ख्या आईच्या वेळीसुद्धा त्यानं पेटीवरच्या फुलांकडे बघूनच निरोप घेतला होता.

त्याची दुसरी खोड मात्र जगजाहीर होती. तो तिसऱ्या पक्षाचा होता. अमेरिकेत, इंडियाना राज्याच्या त्या भागात एक पक्ष दर वेळी जिंकायचा, दुसरा दर वेळी हरायचा, आणि तिसऱ्याची मतं रात्री सगळे घरी गेल्यावर कुणीतरी मोजायचं. पण वेंडेल तरुणपणापासून तिथंच चिकटून. कौंटीच्या जत्रेत डुकरांच्या गोठ्याशेजारी तो टेबल मांडायचा, पोरांना फुगे वाटायचा आणि पोरांच्या बापांना पकडायचा. "त्या दुसऱ्याला घाबरून तुम्ही पहिल्याला मत देता," तो कळवळून सांगायचा, "भिऊन मत देऊ नका हो!" बाप मान डोलवायचे, फुगा घ्यायचे आणि डुकरं बघायला जायचे.

पक्षाची बैठक ड्वेन ग्रूबरच्या टायरच्या दुकानात भरायची. ड्वेन पक्षाचा अध्यक्ष होता, कारण खुर्च्या त्याच्या होत्या. वसंतात एकदा तो म्हणाला, "वेंडेल, कोरोनरच्या जागेला तुझं नाव टाकतो."

"कोरोनर? म्हणजे कौंटीत कुणी मेलं की जाऊन मढी बघायची?"

"बघायचीत कुणाला! ऑर्व्हिल टेटम इतकी वर्षं त्या खुर्चीत आहे. दुसऱ्या पक्षाला तर यंदा माणूसच मिळाला नाही. मतपत्रिकेवर आपलं नाव छापलं गेलं म्हणजे झालं."

"आणि निवडून आलो तर?"

ड्वेन इतका हसला की त्याला टायरवर बसकण मारावी लागली. ते हसणं ऐकून वेंडेलच्या जिवाला फार बरं वाटलं. त्यानं सही केली.

ऑक्टोबरात ऑर्व्हिल टेटमनं हरीण मारलं. हरीण मारणं त्या कौंटीत गुन्हा नाही. न मारणं थोडासा आहे. पण ऑर्व्हिलनं ते घरी आणलं कौंटीच्या शववाहिकेतून, आणि पेट्रोल पंपावर कुणीतरी मागच्या दारातून बाहेर आलेल्या शिंगांचा फोटो काढला. ज्या गाडीतून प्रत्येकाचा बाप, काका, आजी शेवटची गेली होती, त्याच गाडीतून! लोक खवळले. मतपत्रिका तर छापून झाल्या होत्या. त्यावर ऑर्व्हिल होता, आणि ऑर्व्हिलच्या खाली वेंडेल.

आता वेंडेलचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. दुपारच्या खाणावळीत तो तळलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच पुढ्यात घेऊन बसला की येणारा-जाणारा पाठीवर थाप मारायचा. एके दिवशी त्याला राहवलं नाही. तो उठून उभा राहिला.

"मला मत देऊ नका," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला ते काम जमणार नाही. खरंच सांगतो."

मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. "जन्मभर मतं देतोय," तो म्हणाला, "पण असं खरं बोलणारा उमेदवार पहिल्यांदाच पाहिला."

त्या आठवड्यात अंगणाअंगणांत वेंडेलच्या नावाच्या पाट्या उगवल्या. काही तर लोकांनी घरच्या घरी रंगवल्या होत्या.

"झकास झालं," त्याची बायको आर्लीन भांडी पुसता पुसता म्हणाली. "घरात उंदीर मेला की तू मला हाका मारतोस. आता काय, कौंटीभर तुझ्या मागं मी फिरू का, शेपटी धरायला?"

"आर्लीन, मला झोप येत नाही गं."

"माहीत आहे. पलंग हलतो." तिनं फडकं खाली ठेवलं. "हे बघ, ऑर्व्हिललाच दे मत. मीही देते. कुणाला कळणारे?"

मतदान चर्चच्या तळघरात होतं. पुठ्ठ्याच्या आडोशाआड वेंडेल मतपत्रिका घेऊन उभा राहिला. ऑर्व्हिलच्या नावापुढचा गोल काळा करायचा, एवढंच. पेनाचं टोक तिथवर गेलंसुद्धा. डोळ्यांपुढे पांढऱ्या चादरी येत होत्या, चादरीबाहेर आलेले पाय येत होते. आणि त्याच वेळी येत होते ते फुगे घेऊन गेलेले सगळे बाप. त्या बापांना तो इतकी वर्षं जे करू नका म्हणून सांगत आला, नेमकं तेच करायला तो इथं वाकला होता.

त्यानं घाम पुसला आणि स्वतःच्या नावापुढचा गोल काळा केला. वाकडातिकडा झाला, पण झाला.

वेंडेल दणदणीत निवडून आला. टायरच्या दुकानात ड्वेन लहान पोरासारखा रडला. नवा कोरोनर मागच्या मोरीत उलटी करत होता.

प्रशिक्षणात पडद्यावर मढ्यांची चित्रं दाखवत. वेंडेल पडद्याच्या चौकटीकडे बघायचा. कसाबसा तो वर्ग पार पडला. मग जानेवारीत, एका बर्फाळ सकाळी, पहिला फोन आला. शेतावरचे म्हातारे ब्रांट झोपेतच गेले होते. शेरीफनं धाडलेला पोलीस वाटेत बर्फात रुतून बसला होता, म्हणून वेंडेल एकटाच पोचला.

मिसेस ब्रांटनी स्वयंपाकघराचं दार उघडलं. "आतल्या खोलीत आहेत," त्या म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. "पहाटे हात लावला, गार लागला. तशी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आता परत जाववत नाही रे वेंडेल. अख्खा जन्म शेजारी झोपले त्यांच्या, आणि आता भीती वाटते. लाज वाटते मला."

अशा वेळी काय बोलायचं ते वर्गात शिकवलं होतं. वेंडेलला एक शब्द आठवेना.

"मलाही वाटते," तो म्हणाला.

"तुला? तू कोरोनर ना?"

"हो."

"मग निवडणुकीला उभा कशाला राहिलास मेल्या?"

"नाव द्यायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून."

म्हातारीनं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग तिनं कपात कॉफी ओतली. त्यानं ती कढत कढत प्यायली आणि अजून मागितली. तीही संपली. बोळाच्या टोकाला ते दार दिसत होतं.

"तू पुढं हो," म्हातारी म्हणाली.

"तुम्ही व्हा. तुमची ओळख जुनी आहे."

"त्यांची करवत कोण दुरुस्त करायचं? तुझीही काही कमी नाही."

अखेर दोघं एकदमच निघाली. बोळ अरुंद, वेंडेल रुंद, म्हणून तिरकं चालावं लागलं. म्हातारीनं त्याची बाही घट्ट धरली होती. दारापाशी त्यानं मुठीवर हात ठेवला, तर तो हात त्याचं ऐकेना. तिनं आपला सुरकुतलेला हात त्यावर ठेवला.

"आता," ती पुटपुटली.

दोघांनी मिळून मूठ फिरवली.