खंडेनवमीला काढून ठेवलेला फडा

मला माझ्या नाकाची लई घमेंड होती. वाळूजच्या एका कारखान्याच्या अग्निशमन पथकात माझी सगळी नोकरी झाली, आणि त्यातली काही वर्षं मी त्या पथकाचा प्रमुख होतो. बजाजनगरात शिरताना डोळे मिटून बसलो तरी कुठून रंगाचा वास येतोय नि कुठून जळक्या रबराचा, हे मी सांगायचो. गॅसची गळती तर मला दारातच कळायची. घरी पुंडलिकनगरात बायको वैतागून म्हणायची, "तुमच्यापुढं भाजी जरा करपायची बी सोय नाय."

तर असल्या माणसाच्या नशिबी हायड्रोजन आला.

कारखान्यात हायड्रोजनवर चालणारा एक ट्रक चाचणीसाठी आणला होता. केबिनच्या मागं उंच टाक्या, आत त्या वायूपासून वीज बनवणारी यंत्रणा, आणि त्या विजेवर फिरणारी चाकं. त्याला कधी आग लागली तर काय करायचं, हे शिकवायला एक इंजिनिअर मुलगी आली. माझ्या लेकीच्या वयाची असेल. आल्या आल्या तिनं सांगितलं, "काका, या वायूला वास नाही, रंग नाही. पेटला तर धूर नाही, आणि भर उन्हात त्याची ज्वाळाही दिसत नाही."

मी म्हणलं, "मग घरच्या गॅसमधी टाकतात तसं वासाचं औषध टाका की त्याच्यात."

"ते टाकलं तर वीज बनवणारी यंत्रणाच खराब होते. तुम्ही आता नाकाला सुट्टी द्या."

सगळं पथक खदाखदा हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसला आमच्या बंबाचा ड्रायव्हर.

हा ड्रायव्हर म्हणजे माझा पंचवीस वर्षांचा सोबती. कन्नडकडच्या धनगराच्या घरातला. त्याच्या भावाकडं अजून मेंढरं होती, आणि लोकर कातरायच्या दिवसांत हा रजा टाकून गावाकडं पळायचा. आम्ही दोघं एकाच साली कामाला लागलो. मी प्रमुख झालो तेव्हापासून तो मला खवचटपणानं 'साहेब' म्हणायचा. पण गाडी म्हणली की त्याचा जीव की प्राण. आम्ही सावलीत चहा पीत बसलो, तेव्हा हा त्या मुलीच्या मागं ट्रकला चार फेऱ्या मारून आला. नारिंगी वायरींना हात लावायचा नाय, टाकी तापली तर कुठल्या तोंडातून वायू बाहेर फेकते, मुख्य स्विच केबिनच्या मागं कुठं हाय, सगळं विचारून घेतलं त्यानं.

मुलीनं शेवटी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. पहिली, हायड्रोजनची ज्वाळा विझवायला धावायचं नाही. आधी वायू बंद करायचा. नुसती ज्वाळा विझवली तर वायू येतच राहतो, साचतो, आणि मग भडका उडतो. तोवर लांबून पाणी मारून टाक्या थंड ठेवायच्या. दुसरी गोष्ट ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. उष्णता दाखवणारा कॅमेरा कंपनीनं मागवला होता, पण तो यायचा होता. तोपर्यंत ट्रककडं जाताना लांब दांडीचा झाडू पुढं धरून चालायचं. झाडू पेटला की समजायचं, ज्वाळा तिथं आहे.

झाडू! एवढा लाखोंचा ट्रक, एवढा मोठा बंब, आणि आमच्या हातात काय, तर झाडू. मी नाक मुरडलं. ड्रायव्हर मात्र दुसऱ्याच दिवशी गुलमंडीच्या बाजारातून शिंदीचा चांगला जाड फडा घेऊन आला, एका बांबूला घट्ट बांधला आणि बंबाच्या बाजूला पुढंच अडकवून टाकला. येणारा-जाणारा विचारायचा, "काय हो, झाडलोट बी तुमच्याकडंच का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं तो मोठा दिवस. सकाळी बंब धुतला, पाईप, नोजल, कुऱ्हाडी सगळं पुसून मांडलं, हळदकुंकू वाहिलं, बंबाला झेंडूचा लांबलचक हार घातला. थोरले साहेब नारळ फोडायला येणार होते, फोटो निघणार होता. आणि त्या हाराच्या शेजारी लोंबकळत होता तो फडा.

मी म्हणलं, "सणाच्या दिवशी हे काय ध्यान समोर? काढ ते."

ड्रायव्हर म्हणाला, "राहू दे की साहेब. लक्ष्मी हाय ती."

"लक्ष्मीला दिवाळीत पुजू." मी स्वतःच्या हातानं फडा सोडला आणि पंपाच्या खोलीमागं टेकवून ठेवला. फोटो झकास आला. त्या फोटोत मी मधोमध उभा आहे, छाती पुढं काढून. तो फोटो मी आजवर घरात लावलेला नाही.

पेढे वाटून झाले नि तासाभरात फोन आला. मागच्या गेटजवळच्या उतारावर तो चाचणीचा ट्रक भिंतीला घासला होता. ट्रक चालवणारा उतरून लांब पळाला होता, माणूस कोणी अडकलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा भर दुपारचं ऊन होतं. ट्रक नुसता उभा होता. धूर नाही, जाळ नाही. बारीक फुस्स असा आवाज तेवढा येत होता, पण शेजारच्या शेडमधली यंत्रं धडधडत होती, त्यात तो मी मनावर घेतला नाही. मी सवयीनं हवा हुंगून बघितली. काहीच नाही.

"स्विच मला म्हायती हाय," ड्रायव्हर म्हणाला. "बंद करून येऊ का?"

"वास नाय, जाळ नाय. जा," मी म्हणलं.

हा माझा हुकूम. दुसऱ्या कुणाचा नाही. नाकाला सुट्टी द्या म्हणून त्या पोरीनं हात जोडायचे बाकी ठेवले होते, आणि मी मूर्ख त्याच नाकावर माणूस पुढं धाडला. ड्रायव्हर हातमोजे घालून गाडी चालवत नसतो. तो बंबावरून तसाच उतरला होता, मोकळ्या हातानं. केबिनच्या मागं गेला, स्विचकडं उजवा हात पुढं केला, आणि "आई गं!" म्हणून ओरडला. त्याच्या हातापाशी काहीही नव्हतं. तरी त्याची बाही काळी पडून आकसत होती.

मी धावत जाऊन त्याची कॉलर धरली आणि मागं ओढलं. पोरांनी त्याच्या हातावर पाणी धरलं. तो दात आवळून एकच म्हणत होता, "फडा घ्या रे, फडा." आणि फडा पंपाच्या खोलीमागं होता.

मग मला सुचलं ते केलं. बंबाचा हार ओरबाडून काढला, जळकं सामान ओढायच्या आकडीच्या बांबूला अडकवला आणि पुढं धरून एक-एक पाऊल टाकायला लागलो. समोर लख्ख ऊन, रिकामी हवा. आणि त्या रिकाम्या हवेत झेंडूची फुलं एकाएकी काळी पडायला लागली. मी थांबलो. हार डावीकडं नेला, उजवीकडं नेला. हातभर लांबीची ज्वाळा होती, केबिनच्या मागून आडवी निघालेली, नेमकी स्विचच्या वाटेवर.

पुढचं सगळं त्या मुलीनं शिकवलं तसंच केलं. ज्वाळेला हात लावला नाही. सगळ्यांना लांब केलं, लांबूनच टाक्यांवर पाणी धरलं. ट्रकच्या कंपनीचा माणूस तोवर आला होता; ज्वाळा कुठल्या बाजूला आहे ते कळल्यावर तो उलट्या बाजूनं गेला आणि त्यानं टाक्यांची चावी बंद केली. थोड्या वेळानं मी पुन्हा हार पुढं धरला. उरलेली फुलं पिवळीच राहिली.

दवाखान्यात मी त्याच्या शेजारी बसलो होतो. हाताला कोपरापर्यंत पट्टी. डॉक्टर सांगून गेले, जखम भरेल, पण बोटं पहिल्यासारखी वळतील याची खात्री नाही. ड्रायव्हरची बोटं वळली नाहीत तर त्याच्या हातात बंब कोण देणार? त्याची नोकरीची दोनच वर्षं राहिली होती, आणि बंबाशिवाय ती त्याला काढायची नव्हती. हे त्याला कळत होतं, मलाही कळत होतं.

मग तोच म्हणाला, "रिपोर्टात लिही, फडा रस्त्यात पडला म्हणून. तुझी बी दोनच वर्षं राहिलीत." त्या दिवशी तो पहिल्यांदा साहेब म्हणायचं विसरला.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, त्या वॉर्डात चारचौघांसमोर घळाघळा रडलो. घरी येऊन रिपोर्ट लिहिला. फडा मी काढला, फोटोसाठी काढला, आणि ड्रायव्हरला मीच पुढं पाठवलं, असं स्वच्छ लिहिलं. मला पत्र मिळालं, प्रमुखपद गेलं. त्याचं मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं ताठ राहिली आणि त्याला फोनच्या टेबलावर बसवलं. गावाकडं कातर धरता येईना म्हणून त्या साली तो लोकरीच्या दिवसांतही कामावरच होता. बंब बाहेर निघाला की खिडकीत येऊन उभा राहायचा. नवीन ड्रायव्हरनं गिअर जरा कचकन टाकला की तोंड वाकडं करायचा.

पुढच्या खंडेनवमीला आम्ही पुन्हा सगळं मांडलं. कॅमेरा आता आला होता, त्यालाही हळदकुंकू लागलं. ड्रायव्हर टेबल सोडून बाहेर आला. त्याच्या काखेत नवा फडा होता, गुलमंडीचाच, शिंदीचा. त्यानं तो सगळ्या हत्यारांच्या मधोमध ठेवला, डाव्या हातानं त्याला पहिलं कुंकू लावलं. मग उचलून बंबाच्या पुढच्या बाजूला धरला, हाराला अगदी लागून, आणि सुतळीचं टोक माझ्यापुढं केलं.

"साहेब, गाठ तुम्ही मारा," तो म्हणाला. "मला बांधता येत नाय आता."