चौथा उकर्डा

हजेरी गुरुजी हजेरी घ्यायला बसले की पहिला तास त्यातच संपायचा. दुसरे मास्तर चाळीस नावं एका दमात वाचून मोकळे होत. गुरुजी एक नाव घेत, चष्मा कपाळावर चढवत, आणि ज्याचं नाव घेतलं त्या पोराकडे अशा कौतुकानं बघत की जणू तो आत्ताच घोड्यावरून उतरून वर्गात आलाय. मग त्या नावाचा पूर्वी कोण होऊन गेला, ते सांगत. एक नारायण विहीर खणता खणता सात पुरुष खोल गेला आणि पाणी लागेपर्यंत वर आला नाही. एका सखारामानं पुरात दोर धरून अख्खी वस्ती पलीकडे नेली. "नाव कधी कोरं नसते, पोट्टेहो," ते म्हणत. "तुमच्या अगोदर कोणतरी ते चालवलेलं असते. आता तुम्ही चालवा."

हे वरवट बकालपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावातलं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं झालं होतं, शाळेच्या भिंतीवरचा नवा नकाशा अजून चुरगळला नव्हता. गुरुजींचं खरं नाव विनायक. पण गावात त्यांना त्या नावानं कोणी ओळखत नसे. हजेरी गुरुजी म्हटलं की लहान पोरही घर दाखवी.

माझं नाव उकर्डा. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो दोनदा विचारतो, म्हणून एकदाच नीट सांगतो. माझ्याआधी आईची तीन लेकरं गेली. मी जन्मलो तेव्हा सुईणीनं मला उचलून सरळ उकिरड्यावर नेऊन ठेवलं. चुलत आजीनं मला सुपात घालून घरी आणलं आणि आईनं मूठभर ज्वारी देऊन मला तिच्याकडून परत घेतलं. उकिरड्यावर टाकलेल्या पोराकडे मरण ढुंकून बघत नाही, असा समज. मरण फसलं, मी जगलो. पण मरणाला फसवायला ठेवलेलं नाव मला शाळेत जगू देईना. शेणाचा ढीग दिसला की पोरं ओरडायची, "ए उकर्ड्या, तुह्यं घर आलं बे!" मी रोज कोणाला तरी बदडायचो आणि रोज मार खाऊन घरी यायचो.

पाचवीत गुरुजींच्या वर्गात गेलो. माझं नाव आलं आणि वर्ग फिसकन हसला. गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. हसू थांबू दिलं. मग म्हणाले, "उकर्डा पाथरवट कोणाले ठाऊक आहे? हात वर करा. एकही नाई? कमाल आहे बाप्पा! अन् हासून राह्यले!"

यादवांच्या काळात म्हणे हा पाथरवट मेहकरला देवळाच्या कामावर होता. सगळ्यांचे खांब झाले, याचा एक राहिला, कारण त्याला त्यातली एक रेघ पटत नव्हती. ती एक रेघ त्यानं सहा महिने घासली. राजा पाहायला आला आणि त्याच खांबापाशी थांबला. "मंडपात शिरलं की डाव्या हाताचा तिसरा खांब. पायथ्याशी बारीक अक्षरात त्याचं नाव आहे. उकर्डा." दुसऱ्या दिवशी मोगलाईतला उकर्डा जासूद आला. जळगाव जामोदहून चिठ्ठी घेऊन तो सातपुडा ओलांडून गेला. पायाला जखम झाली तरी चिठ्ठी भिजू दिली नाही. तिसऱ्या दिवशी प्लेगाच्या सालातला उकर्डा वैद्य. सगळं गाव रानात झोपड्या टाकून राहायला गेलं, हा एकटा आजाऱ्यांना पाणी पाजत मागे राहिला. "तीन झाले," गुरुजी म्हणाले. "चौथा तू. पाहू बरं काय करतो तं."

त्या आठवड्यात मी कोणाला मारलं नाही. कोणी चिडवलं की छाती काढून म्हणायचो, "मेहकरले जाऊन पाह्य." मेहकर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिकडे कोण जातंय?

त्यांची आणखी एक रीत होती. पोरगं आलं नाही तर दुसरे मास्तर नावापुढे फुली मारत. गुरुजी जागा कोरी ठेवत आणि शाळा सुटल्यावर त्या पोराच्या घरी जात. मी हिवतापानं पडलो तेव्हा ते हजेरीचं पुस्तक बगलेत घेऊन आमच्या ओसरीवर आले. "उकर्डा!" त्यांनी हाक मारली. मी वाकळीतून "ओ" दिली. त्यांनी तिथंच टाकानं 'हजर' लिहिलं आणि निघाले. आई हसून हसून बेजार! "हा मास्तर येडा आहे व माय," ती शेजारणीला सांगत सुटली. मला तेव्हा वाटलं होतं, माझ्या बापापेक्षा या माणसाला मी जास्त हवा आहे.

सातवीच्या शेवटी दाखला काढायची वेळ आली. वडील म्हणाले, "आता पोरगं मोठ्या शाळेत चाललं. नाव बदलून टाकू. उत्तम लिवा." हेडमास्तर तयार होते. एका ओळीचं काम होतं, आणि दाखला एकदा निघाला की पुढे ते जन्माचं कठीण. मी धावत गुरुजींकडे गेलो. ते चष्मा पुसत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते कितीतरी वेळ काच पुसत राहिले.

"तुह्या मनात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मी चौथा हाव ना, गुरुजी?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. "हाव," ते म्हणाले. "राहू दे मंग."

मी घरी जाऊन असा हट्ट धरला की वडिलांनी हात टेकले. दाखल्यावर उकर्डा लागला. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर उकर्डा लागला. पुढे तालुक्याच्या कचेरीत कारकून झालो, तिथल्या पाटीवरही उकर्डा लागला. साहेब लोक हसत, मी तीन गोष्टी सांगे. चारचौघांत सांगता सांगता मी पाथरवटाच्या रेघेची लांबीसुद्धा सांगायला लागलो होतो. काय म्हणावं या खुळ्याला!

मग मेहकरचं स्थळ आलं. मुलगी सुशीला, शिकलेली, शांत. वडील शाळामास्तर. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि तिच्या वडिलांनी घसा खाकरला. "बाकी समदं ठीक आहे हो. पण जावयाले चारचौघात हाक काय मारायची? उकर्डाराव?" आतल्या खोलीतून बायांचं हसू ऐकू आलं. मी म्हणालो, "या नावाचा माणूस तुमच्याच गावच्या देवळात आहे. चला, दाखवतो."

दुपारची वेळ. आम्ही आठ-नऊ माणसं निघालो. सुशीला आणि तिच्या बहिणीही मागून आल्या. डाव्या हाताचा तिसरा खांब. मी नव्या पँटीसकट गुडघ्यांवर बसलो आणि रुमालानं पायथा पुसला. तेलाचा थर निघाला, चुना निघाला. अक्षर नाही. दुसऱ्या बाजूनं पाहिलं. मग वाटलं, दुसऱ्या दारातून मोजायचं असेल, म्हणून तिकडून मोजून त्या खांबापाशी बसलो. पुन्हा पुसलं. माझ्यामागे सगळे बघत उभे होते.

तेवढ्यात बाहेरगावाहून आलेला सुशीलेचा मामा पुढे आला. चांगला चाळिशीचा माणूस, तोंडात सुपारी. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा पाहुणे," तो म्हणाला. "मी बी असाच बसलो होतो इथं, वीस वर्षांमागं. माह्या वक्ताले पाथरवटाचं नाव धोंडू होतं."

मामाचं नाव धोंडू.

"तुमचे मास्तर चष्मा कपाळावर चढवत काय हो?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. "मंग तेच. आमच्या गावाहून बदलून तिकडं गेले असतीन."

मामानं ते मायेनं सांगितलं, पण लोक हसलेच. सुशीलाही पदर तोंडाला लावून हसली. तिला मी कधीच दोष दिला नाही. दुसरं कोणीही हसलं असतं. आठवड्यानं निरोप आला: नाव बदलत असाल तर पुढची बोलणी करू.

गुरुजी तोवर निवृत्त होऊन जळगाव जामोदला राहत होते, विधवा थोरल्या बहिणीजवळ. मी बस धरली आणि सकाळीच त्यांच्या दारात उभा राहिलो. रस्ताभर एकच वाक्य घोकलं होतं: तुम्ही मला फसवलं. दारात पोचलो तोच आतून म्हातारीनं हाक मारली, "उकर्ड्या! दारात कोण आलं, पाह्य बरं!"

"ओ!" मी म्हणालो.

"ओ, आक्का!" पलंगावरून गुरुजी म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला नाही. खाली पाहिलं.

"तुमचं नाव?" मी विचारलं.

"मायनं ठुलेलं तेच," ते म्हणाले. "माह्या अगोदर चार गेले होते. मास्तरकीच्या परीक्षेचा फॉर्म भरला तवा मी विनायक लिवलं. म्हटलं, उकर्डा मास्तराचं पोट्टे ऐकतीन काय?"

"अन् पाथरवट?"

"नव्हता."

"जासूद? वैद्य?"

"कोणीच नव्हतं बाबू. पाथरवट एकच होता माह्याजवळ. ज्याले लागला त्याले देल्ला. धोंडूले देल्ला, तुले देल्ला."

माझा संताप अनावर झाला. खोटी गोष्ट सांगितली, ठीक आहे, मास्तर सांगतात. पण हा माणूस स्वतः त्या नावातून निसटला होता. एका ओळीचं काम होतं ते, त्यानं स्वतःसाठी गुपचूप केलं. आणि मी सातवीत समोर उभा राहून विचारलं तेव्हा याच तोंडानं मला म्हणाला, राहू दे मंग!

"मले काऊन अडकवलं, गुरुजी?" मी ओरडलोच. "तुम्ही पळाले ना? मंग मले काऊन उभं केलं तिथं?"

आक्का चहाचा कप घेऊन दारात थबकली होती. गुरुजींनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मग म्हणाले, "चौथा मले व्हायचं होतं. हिंमत नाई झाली. तुह्याकडं पाह्यलं तं वाटलं, हा होईन."

मी चहा घेतला नाही. नमस्कार केला नाही. अंगणात आलो तेव्हा मागून हाक आली, "उकर्डा!" हजेरीची हाक. मी वळलो नाही.

सरकारी गॅझेटात नाव छापून आलं आणि मी उत्तम झालो. आई तेवढी घाबरली. "त्या नावानं तू वाचला रे," म्हणून तिनं माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. लग्न झालं. गुरुजींना पत्रिका पाठवली नाही. नव्या घरात, नव्या शेजारात मला सगळे उत्तमराव म्हणू लागले आणि खरं सांगतो, मला ते आवडलं. कोणी दोनदा विचारत नव्हतं.

तीन-चार वर्षांनी एकदा पोस्टमन कार्ड घेऊन दारात आला. "हे उकर्डा कोण हो साहेब? पत्ता तं तुमचाच हाय." अक्षर लांबूनच ओळखलं. शेजारचे पेशकार ओसरीवर बसून ऐकत होते. सुशीला आतून बघत होती.

"या नावाचं इथं कोणी राहत नाही," मी म्हणालो.

पोस्टमन कार्ड घेऊन गेला. सुशीला त्या दिवशी माझ्याशी जेवेपर्यंत बोलली नाही.

दोन महिन्यांनी धोंडूमामांकडून कळलं की गुरुजी गेले. मी जळगाव जामोदला गेलो. राग तसाच होता आणि आजही आहे. मेलेल्या माणसाला सगळं माफ होतं असं मला वाटत नाही. आक्का भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला नीट निरखलं, उठून फळीवरचं हजेरीचं एक जुनं पुस्तक काढलं आणि त्यात ठेवलेलं कार्ड माझ्या हातात दिलं.

"वापस आलं होतं," ती म्हणाली. "त्यानं वाचलं अन् ठुन देल्लं. मले वाचता येत नाई. काय लिवलं हाय त्याच्यावर?"

मी कार्ड उलटवलं. मायना नव्हता, खुशाली नव्हती. मोठ्या, थरथरत्या अक्षरात एवढंच होतं: 'उकर्डा. हजर?' पुढे जागा कोरी. आणि पत्त्याच्या बाजूला लाल शाईत पोस्टमनचा शेरा: 'या नावाचा इसम येथे राहत नाही.'

"काय लिवलं हाय रे?" आक्कानं पुन्हा विचारलं.

मला ते वाचून दाखवता आलं नाही. हजेरी गुरुजींनी जन्मात माझ्या नावापुढे गैरहजर लिहिलं नव्हतं. ते मीच लिहून पाठवलं.