तळोज्याचा वास

जळगावची मैत्रीण यायची असली की मी मसाल्याची बरणी घासूनपुसून उन्हात ठेवते. तिच्या हातचा काळा मसाला वर्षभर पुरवून पुरवून वापरायचा आणि ती यायच्या सुमारास चमचा तळाला खणखणू लागायचा, असा आमचा शिरस्ता. नाशिकला कॉलेजात असताना आम्ही वसतिगृहाच्या एका खोलीत राहायचो. तेव्हा ही बया जिन्यात उभी राहून सांगायची, "वर कुणाच्या तरी घरून डबा आलाय. शेवभाजी आहे, आणि लसूण जरा जास्तच परतलाय." डबा उघडायची गरजच नसायची. पुढे नवरा लवकर गेला, पदरात दोन मुलं, आणि त्या नाकाच्या जोरावर तिनं मसाल्याचा धंदा उभा केला. लवंग कधी उतरवायची, दगडफूल कुठवर भाजायचं, हे तिला कढईवरचा वास सांगायचा. लांबलांबून लोक तिच्या दारात मसाल्याला यायचे.

या डिसेंबरात ती आली तेव्हा आम्ही तिला आणायला कल्याणला गेलो. तिची गाडी तिथे थांबते, आणि तिथून पनवेलपर्यंत आमचे हे मोटार चालवतात. उतरली तीच मुळी भरताच्या हिरव्यागार वांग्यांची पिशवी घेऊन. मी बॅगेकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि राहवेना म्हणून विचारलंच, "मसाला कुठाय?"

"यंदा नाही केला गं. खांदा दुखतो," ती म्हणाली. "आता बंदच करते. संक्रांतीनंतर चूल विझवायची असं ठरवलंय."

मला रागच आला. खांदा दुखतो म्हणे! खांदा माझाही दुखतो, म्हणून मी काय पोळ्या लाटायच्या बंद केल्या? पण पाहुणी दारात यायच्या आत भांडण नको म्हणून गप्प बसले. म्हणजे अगदी गप्प नाही, पण माझ्या मानाने गप्प.

तळोज्याजवळ आलो तसा तो वास सुरू झाला. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. सडकी अंडी, जळकं रबर आणि वर कसलं तरी गोडुस औषध. तिथल्या कारखान्यांच्या नावाने मी आजवर इतकी बोटं मोडलीत की माझी बोटं शाबूत आहेत हेच नवल. मी पदर नाकाला लावला, ह्यांनी पुढच्या काचा वर केल्या. मागे ही बाई उघड्या खिडकीशी बसून निवांत शेंगदाण्याचा लाडू खात होती.

"अगं, काच लाव की! मरशील!"

"हां हां, लावते," म्हणाली आणि लाडू संपवूनच लावली. धन्य आहे बाई तुझी, असं मी म्हटलं आणि आम्ही तिघंही हसलो.

आमच्या घरी तेव्हा खंडोबाचं नवरात्र बसलेलं होतं. चंपाषष्ठीला नैवेद्य, तोवर तिला गाव दाखवायचं. पळस्प्याच्या फाट्यावरून गोवा रस्त्याला लागलो आणि कर्नाळ्याच्या रानात सकाळभर हिंडलो. पक्षी तिलाच जास्त दिसले, मला माकडं दिसली. नंतर आपटा गावाच्या बाजूला गेलो. तिथे पाताळगंगेच्या काठाने एकांनी फळांची वाईन करायला घेतली आहे, असं मी ऐकून होते. आम्ही दोघींनी जन्मात वाईन घेतलेली नाही. आता नाही तर कधी?

"घरात देव बसलाय आणि तुम्ही दोघी दारू प्यायला निघालात," हे म्हणाले.

"फळाचा रस आहे तो. आणि देवाला सांगून निघालेय मी," मी म्हटलं. सांगितलं वगैरे काही नव्हतं.

तिथल्या मुलीने फार प्रेमाने बसवलं. ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, मग नाक आत घालून वास घ्यायचा, आणि मगच घोट. बाटल्यांवर फडकी गुंडाळून म्हणाली, "ओळखा बघू, कुठलं फळ?" मी ऐटीत खुर्ची मागे सरकवली. "हिला विचारा. हिचं नाक म्हणजे नाक आहे!"

मैत्रिणीने ग्लास फिरवला, नाक घातलं, बराच वेळ घातलं. मग ग्लास उजेडात धरून रंग पाहिला आणि म्हणाली, "द्राक्ष." ती जांभळाची होती. मला माझ्या खुर्चीतूनही जांभळाचा वास येत होता, आणि मी तर चहा करपवणारी बाई. पुढची मधाची होती. ती हुंगून मैत्रीण म्हणाली, "काय माहीत बाई, मला मेल्या सगळ्या सारख्याच." तिथून खालापूरच्या बाजूला द्राक्षाची वाईन मिळते तिकडेही गेलो. तिथे तर तिनं ग्लास नाकाजवळ नेलाच नाही, काढ्यासारखा गटकन पिऊन टाकला. घरी येईपर्यंत मी तिची यथेच्छ टर उडवली. "नाक काय जळगावला खुंटीला टांगून आलीस?" असंही म्हणाले. ती हसत होती. तिचं हसणं जरा पातळ होतं हे मला आत्ता लिहिताना कळतंय, तेव्हा माझ्याच डोक्यात जांभूळ चढलेलं.

चंपाषष्ठीला नैवेद्य भरीत-रोडग्याचा. रोडगा बाजरीचा, तो मी थापला. भरीत तिनं करायचं, कारण जळगावची वांगी आणि जळगावची माणसं दोन्ही घरात असताना भरताला मी हात लावणं म्हणजे पाप. वांगी भाजली, ठेचली. फोडणीत लसूण, मिरची, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप. खोबऱ्याचा डबा मी न उघडताच तिच्या हातात दिला आणि देवापुढे मांडामांड करायला गेले. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मीठसुद्धा वासावर ओळखायचं. ते काम तिच्यासारखं कुणाला जमणार?

तळी उचलली, "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, भंडारा उधळला. खंडोबाच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला द्यायचा असतो. आमच्या बिल्डिंगखाली एक तांबडं कुत्रं असतं, ते बिस्किटाचा कागदसुद्धा चाटून पुसून खातं. मी पानावर भरीत-रोडगा घेऊन खाली गेले. कुत्रं शेपूट हलवत आलं, हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि चक्क तोंड फिरवून पार्किंगमध्ये जाऊन बसलं.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. खंडोबाच्या कुत्र्याने नैवेद्य नाकारला! नवरात्रात वाईन प्यायलो, ती देवाला पोचली. मी तिथल्या तिथे कानाला हात लावले, जेजुरीचा नवस बोलले, आणि मग सहज ते पान नाकाशी नेलं.

खवट. खोबरं इतकं खवट होतं की घशात ठसका लागला. म्हणजे देव नव्हता रागावला, माझा डबाच नासलेला होता.

तशीच तणतणत वर आले. "अगं, खोबरं खवट झालंय! फोडणीत टाकताना तुला कळलं नाही? देवाला खवट घातलंस! एवढी मसालेवाली तू, आंधळ्यालासुद्धा कळलं असतं..."

ती ओट्याशी उभी होती. हातातला झारा तिनं हळूच खाली ठेवला. "मला वासच येत नाही गं," ती म्हणाली. "पावसाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून. काहीच नाही येत. ना फुलाचा, ना गॅसचा. चवीतलं तिखट-मीठ तेवढं कळतं."

हातातलं पान मी तसंच ओट्यावर ठेवलं.

मग ती खाली बसली आणि सगळं सांगितलं. श्रावणात मसाल्याचा घाणा भाजायला घेतला आणि तो जळून गेला. तिला कळलं ते सून खोकत आत आली तेव्हा. कुणाला सांगितलं नाही. लोकांना खांदा सांगितला. डॉक्टर म्हणाले, येईल तेव्हा येईल, नाही आला तर नाही. "मसाला नसला तर मी कोण गं?" तिनं मला विचारलं. "दारात लोक येतात ते माझ्यासाठी नाही येत. त्या वासासाठी येतात."

मला इतकं वाईट वाटलं की मी तिला घट्ट धरलं आणि दोघी ओट्याखाली बसून रडलो. बाहेर हे ताटावर बसले होते. ते खवट भरीत त्यांनी निमूट संपवलं आणि पाणी प्यायले, हे मला मागून कळलं. चांगला माणूस आहे, सहसा मी असं म्हणत नाही.

पण रडून झाल्यावर माझा मूळ स्वभाव परत आला. दुसऱ्या दिवशी मी तिला बाजारात नेलं ते थेट सुक्या मासळीच्या ओळीत. याने नाक नाही उघडलं तर कशाने उघडणार? उरणकडची एक कोळीण सुकट, बोंबील, जवळा मांडून बसली होती. मी मूठभर जवळा उचलून मैत्रिणीच्या नाकाखाली धरला. "येतोय?" "नाही." बोंबील धरला. "येतोय?" "नाही गं."

कोळीण बघतच होती. "काय गो बाय, वासच घेत बसशील का घेशील पण? तुमी काय नाकान खाता म्हावरा? घ्याचं हाय का नाय?"

मैत्रीण अशी हसली की तिला बाजूच्या ओट्यावर टेकावं लागलं. आल्यापासून खरं हसली ती तेव्हाच. सुकट घ्यावीच लागली. नवरात्र उठलेलं होतं, त्यामुळे देवाची हरकत नव्हती.

परतताना मी तिला माझा निर्णय सांगितला. "चूल विझवायची नाही. भाजायचं तू, हुंगायचं मी. थोडा थोडा करून कुरियरने पाठव. मी खरं ते सांगेन, तुझं मन राखायला खोटं बोलणार नाही."

"तू?" ती म्हणाली. "तुझ्या नाकावर माझा धंदा? त्यापेक्षा तुमचं ते तांबडं कुत्रं पाठव जळगावला." पण नाही म्हणाली नाही.

जायच्या दिवशी तिच्या हातावर दही घातलं आणि निघालो. तळोजा आलं. ह्यांनी काचा वर करायला घेतल्या, मी पदर शोधला. एवढ्यात मागून आवाज आला.

"शी!"

मी वळून पाहिलं. तिनं नाक मुरडलेलं होतं. स्वतःच्याच नाकाला हात लावून ती बसली होती.

"काहीतरी घाण येतंय," ती म्हणाली. "सडक्या अंड्यासारखं. येतंय का तुम्हाला? का मलाच भास होतोय?"

"गाडी थांबवा!" मी ओरडले. "काचा खाली करा! सगळ्या करा!"

ह्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी लावली. आम्ही दोघी उतरलो. समोर कारखान्याची पाळी सुटत होती, माणसं डबे घेऊन बाहेर पडत होती. तोंडाला रुमाल बांधून, मान खाली घालून भराभर चाललेली. आणि आम्ही दोघी साठीच्या बायका तिथे उभ्या राहून पोट भरभरून श्वास घेतोय. मी पदर नाकावरून काढून कमरेला खोचला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती म्हणत होती, "येतोय गं, येतोय. काय घाणेरडा आहे मेला!" एक जण थांबून विचारून गेला, "मावशी, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "छान वाटतंय रे बाबा." तो बघत बघत गेला.

थोड्या वेळाने तो वास तिला पुन्हा येईनासा झाला. कल्याण येईपर्यंत मी तिला सोबत आणलेली लसणाची पाकळी बोटांनी चोळून हुंगायला दिली, पर्समधली अत्तराची बाटली दिली, काही नाही. पण ती हताश नव्हती. गाडीत चढताना म्हणाली, "भाऊजी, पुढच्या वेळीही तळोज्यावरूनच न्या हं." त्या कारखान्यांबद्दल मी जे बोलले त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. तिथे राहणाऱ्या लोकांनी तो वास का सोसावा? पण त्या दिवसापासून तिथून जाताना मी काच लावत नाही.

संक्रांत झाली तरी तिचा फोन नाही. मी केला की ती "बघते" एवढंच म्हणायची. मला वाटलं, विझवली चूल. मग एक दिवस कुरियरवाल्याने पुडा आणून दिला. उघडताच कळलं, हा काळा मसाला. मी चमच्यात घेतला, वास घेतला, डोळे मिटून पुन्हा घेतला. धणे बरोबर होते, खोबरं बरोबर होतं. शेवटी मात्र कुठेतरी एक कडवट टोक लागत होतं. मला नीट खात्री होईना, म्हणून चिमूटभर गरम तेलात टाकून पाहिलं. होतं. मी देऊन बसलेलं वचन मला त्या क्षणी नकोसं झालं. इतक्या दिवसांनी तिनं हातात झारा घेतला, आणि मी काय सांगू?

फोन लावला. हॅलोही म्हटलं नाही. "लवंग करपवलीस," मी म्हटलं.

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं, आता ही पुन्हा कढई चढवायची नाही. मी घाईघाईने पुढे बोलू लागले की फार नाही, किंचित, लोकांना कळणारही नाही.

"थांब गं," ती म्हणाली. "करपलीच आहे ना? मलाही तसाच वास आला. पण माझा माझ्यावर विश्वास बसेना. म्हणून तुला पाठवला."

मी तिथेच स्वयंपाकघरात खाली बसले. ती बोलतच होती. मसाला टाकून दे, दुसरा करून पाठवते, या वेळी लवंग आधी उतरवीन.

"टाकून देऊ? याद राख, असं म्हणशील तर!" मी म्हटलं आणि डिसेंबरपासून उन्हात रिकामीच असलेली बरणी आणायला उठले. तो करपट मसाला आम्ही उन्हाळ्यापर्यंत खाल्ला.