नानांच्या भुर्जीतून वाचलेलं अंडं

मंडळी, सकाळपासून हसू थांबत नाहीये, म्हणून तुम्हालाही सांगते.

धुळ्यात आमच्या शेजारच्या अक्कांची कोंबडी आठवडाभर अंडी उबवतेय. आज अक्कांच्या धाकट्या भावाने, नानांनी, तिच्याच खालचं एक अंडं भुर्जीसाठी उचललं! अक्कांनी ते हिसकावलं आणि मला हाक मारली. मी प्राणिशास्त्र शिकवते ना!

अंधाऱ्या न्हाणीत अंड्यामागे मोबाईलचा टॉर्च धरला. लाल शिरांच्या जाळ्यात इवलासा जीव चक्क झोके घेत होता.

मी म्हटलं, "अक्का, याला हलायला अजून मेंदूचा हुकूम लागत नाही. पाठीच्या कण्यातल्या नसा आपोआप चेततात. आधी हालचाल, विचार मागाहून."

अक्का नानांकडे वळून अहिराणीत म्हणाल्या, "म्हंजे आमना नाना आजून अंडामाच शे!"

अंडं कोंबडीखाली गेलं. नानांनी हसत हसत पोह्यांवर भागवलं.

तुमच्या घरात अजून अंड्यात कोण आहे?