चिंचणीच्या वाळूवर दोन शिकारी

धाकट्या भावाला, विष्णूला, गावी परत आणायचं ठरवून मी निघालो. साखरेच्या आजारानं त्याची नजर जवळजवळ गेली, कारखान्यातलं काम सुटलं, तरी तो बोईसरजवळ सालवडच्या खोलीत एकटाच राहतो. परतीची दोन आरक्षणं आधीच करून ठेवली होती. खिडकी त्याच्यासाठी.

तुम्ही त्या किनाऱ्यावर, चिंचणीला, जाणार असाल तर पालघर, उमरोळी मागे टाकून थेट बोईसरलाच उतरा. तिथून एसटी आहे, शेअर रिक्षाही परवडते. ओहोटी बघून जा.

पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी मी आणि विष्णू किनाऱ्यावर गेलो. ओल्या वाळूवर एक हिरवट, चकाकणारा भुंगेरा लांब पायांनी पळत होता.

"काय दिसतंय, सांग की दादा."

"माशीमागं सुसाट पळतोय. मध्येच थबकतो, परत पळतो."

"थबकतो कशाला?"

"पळताना त्याला दिसत नाही म्हणे. थांबून पुन्हा शोधावं लागतं."

"म्हणजे माझाच भाऊबंद!" विष्णू हसला.

पुढं दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. बांबूच्या टोकावर चतुर बसला होता. त्याची धावपळ नाही. नुसतं डोकं फिरवायचा, झेपावून हवेतच माशी धरायचा आणि पुन्हा त्याच टोकावर येऊन बसायचा. मी हात पुढं केला तशी बोंबील पालटणारी मावशी ओरडली, "ओ भाऊ, हाकलू नका त्याला! माश्या खातंय तो. त्याच्यासाठीच टोक मोकळा ठेवतो आमी. तुमी बोंबील घ्याला आलाव का किडं बघाला?"

विष्णूही चतुरासारखा आपल्या जागी परत येईल, असं मी धरून चाललो होतो.

दुपारी तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण जेवताना गावी परत चलायचा विषय काढला. त्यानं घास ताटात ठेवला.

"दादा, सालवड माझ्या पायांना पाठ हाय. गाव मी डोळ्यांनी बघितलंय. ते तसंच राहू दे."

परतताना खिडकीजवळ माझी पिशवी होती.

घरी येऊन देवापुढं दिवा लावला. रोज त्याची नजर मागायचो, त्या संध्याकाळी काय मागावं सुचेना. तेवढ्यात त्याचा फोन आला.

"दादा, आपल्या विहिरीवर चतुर हायत का रे?"

लहानपणी आम्ही तिथं दुपारभर चतुर बघत बसायचो. गेल्या वर्षी ती विहीर रस्त्यासाठी बुजवली. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

"आहेत," मी म्हणालो.

"पयल्यासारखेच?"

"पहिल्यासारखेच."